बोर्डिंगचं जुनं रजिस्टर आणि गावोगावची माणसं: कोल्हापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका जुन्या विद्यार्थी बोर्डिंगचं, म्हणजे वसतिगृहाचं, मोडायला आलेलं प्रवेश रजिस्टर वाचवण्याचं आहे. बोर्डिंग कुठलं, ट्रस्टी कोण, हे मुद्दामच लिहीत नाही, शहर लहान आहे आणि यातली माणसं अजून रोज एकमेकांच्या समोर येतात. पण जे झालं ते झालं तसं मांडतोय, कारण असली रजिस्टरं, ठरावबुकं, हिशेबाच्या वह्या कोल्हापुरात अजून किती कपाटांत पडून आहेत हे जुन्या संस्थेत वावरलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल.

शाहू महाराजांच्या काळात इथं बोर्डिंगांची रांग लागली हे आपण शाळेपासून वाचतोय. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमारास आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, मग अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या पोरांसाठी मिस क्लार्क. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा जाहीरनामा आणि १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या जाहीरनाम्यांचा खालचा भाग, म्हणजे भुदरगड-पन्हाळ्याच्या वाडीवरनं पत्र्याची पेटी घेऊन कोल्हापुरात आलेलं पोरगं कोण होतं, त्याचा बाप काय करत होता, त्याची फी का माफ झाली आणि त्यानं शाळा अर्ध्यात का सोडली, हे फक्त बोर्डिंगच्या प्रवेश रजिस्टरातच मिळतं. आमच्या रजिस्टरात पहिल्या महायुद्धाच्या काळापासून १९२० नंतरच्या काही वर्षांपर्यंतच्या नोंदी आहेत. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध म्हणजे देवनागरीत, दोनशेच्या आसपास मोठी पानं, शेवटच्या रकान्यात पालकाची सही नाहीतर अंगठा. १९१८ च्या पानांवर तापानं घरी नेलेल्या पोरांच्या नोंदी एकाखाली एक आहेत, इन्फ्लुएंझाची साथ कोल्हापूरच्या खेड्यांत कशी घुसली ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या रकान्यात बघणं वेगळं.

अडचण कशी समोर आली

२०२३ च्या सप्टेंबरनंतर कुणबी नोंदी शोधायला सरकारी समिती बसली आणि गावोगाव लोक जुनी कागदपत्रं हुडकायला लागले. बोर्डिंगच्या ऑफिसातही लोक यायला लागले. एक रिटायर्ड काका आजोबांची नोंद बघायला आले, क्लार्कनं कपाटातनं रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि पान घडीवर मोडलं. फाटलं नाही, मोडलं, पापड मोडतो तसं. क्लार्क घाबरला, त्यानं एका माजी विद्यार्थ्याला फोन केला, आणि तिथनं आम्ही सातआठ जण गोळा झालो. दोन शिक्षक, मोडी शिकलेली दोन पोरं, एक बाइंडर, एक बँकेतनं निवृत्त झालेले काका, आणि ग्रंथालयात काम करणारा मी.

नीट बघितल्यावर कळलं की रजिस्टरावर तीनचार संकटं एकावर एक आलीत. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी ४३ ची. तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या खणात पाणी शिरलं, रजिस्टर बुडालं नाही पण खालच्या कडेनं ओल वर चढली. पूर ओसरल्यावर ते गच्चीवर उन्हात वाळवलं आणि परत त्याच खणात ठेवलं. २०२१ ला पुन्हा ओल. ओल्या कागदावर दोनतीन दिवसांत बुरशी धरते, आणि कडक उन्हात वाळवला की कागद वाकतो, कडक होतो, शाई फिकी पडते. म्हणजे चांगल्या मनानं केलेल्या उपायानंसुद्धा नुकसान झालेलं. त्यात कधीकाळी कुणीतरी फाटक्या पानांना सेलोटेप लावलेली, तिचा गोंद कागदात मुरून पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले. डांबरगोळ्या होत्या पण कसरीनं कडा खाल्ल्याच होत्या. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे पालकांच्या कितीतरी सह्या कॉपिंग पेन्सिलीच्या, ज्या पेन्सिलीला पाणी लागलं की जांभळा रंग सुटतो. ओल लागली तिथं सहीच्या जागी जांभळा डाग उरलेला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय एका ट्रस्टींनी लगेच दिला, "झेरॉक्सवाल्याकडनं लॅमिनेशन करून टाकूया की, शंभर वर्षं काय होत न्हाई." हा विचार वाईट हेतूचा नव्हता, घराघरात मार्कशीट लॅमिनेट करूनच ठेवतात. पण गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की सुटत नाही आणि कागदातलं आम्ल आतल्या आतच कागद खात राहतं. मागच्या पिढीत तर मोठमोठ्या दप्तरखान्यांतसुद्धा सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन ही मान्य पद्धत होती, आता तेच थर काढायचं काम करावं लागतं. जे लावू ते उद्या पाण्यानं सुटलं पाहिजे, हा या कामातला पहिला नियम.

दुसरा, पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूरच्या कार्यालयाकडे द्यायचं. माझ्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीनं हाच सगळ्यात भक्कम पर्याय होता आणि अजूनही आहे. पण ट्रस्टींचं म्हणणं, एकदा दिलं की आपल्या हातात राहत नाही, आणि माजी विद्यार्थ्यांना तर रजिस्टर बोर्डिंगच्या वास्तूतच हवं होतं. कायद्यानं ते ट्रस्टचं होतं, जबरदस्ती करण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरा, सरकारी योजना. राष्ट्रीय हस्तलिखित मिशन २००३ ला सुरू झालेलं, सगळ्यांना वाटलं तिथनं पैसे मिळतील. पण त्यांच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षं जुनी, हातानं लिहिलेली, ज्ञानाचा मजकूर असलेली रचना. फर्मानं, महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक नोंदपत्रं त्यांनी स्पष्टच वेगळी काढली होती. पोथी असती तर दार उघडलं असतं, रजिस्टराला तिथं जागा नव्हती. हे लवकर कळलं ते बरं झालं, नाहीतर अर्ज करून वाट बघण्यात पुढचा पावसाळा आला असता.

चौथा, प्रशिक्षित कॉन्झर्वेटर, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारा जाणकार, बोलावून काम करून घ्यायचं आणि पैसा लोकांकडनं उभा करायचा. हाच ठरला. पुण्याहून एक कॉन्झर्वेटर ताई येऊन बघून गेल्या, त्यांनी सांगितलेला खर्च ट्रस्टच्या वर्षाच्या शिलकीपेक्षा जास्त होता.

पहिला निर्णय: आधी बातमी की आधी स्कॅन

इथं आमच्यातच दोन तट पडले. एका ओळखीच्या पत्रकारानं मोठी बातमी करायची तयारी दाखवली होती आणि निम्म्या लोकांचं म्हणणं की बातमी आली की पैसा आपोआप येईल. मी आणि बाइंडरदादा विरुद्ध होतो. बातमी आली की लोक येणार, लोक आले की रजिस्टर बघायला मागणार, आणि आपल्या आजोबाचं नाव बघायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार. प्रत्येक जण एकदा पान उलटणार आणि हे रजिस्टर आता उलटण्याच्या अवस्थेत नाही. माणसं जोडायची पण वहीपासून लांब ठेवून जोडायची, हे सूत्र तेव्हा ठरलं आणि पुढचं सगळं त्यावरच चाललं.

म्हणून आधी स्कॅन. फ्लॅटबेड स्कॅनरवर वही पालथी दाबावी लागते, तिथं शिवण तुटते. त्याऐवजी वर कॅमेरा बांधला, वही पूर्ण न उघडता दोन्ही बाजूंना फोमच्या उतरत्या उशा दिल्या, फ्लॅश बंद, दोन बाजूंनी सौम्य लाइट. त्याआधी ताईंनी दाखवल्याप्रमाणे मास्क लावून मऊ ब्रशनं सुकी बुरशी काढली, पानापानांत ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, टिश्यू घातला. हे काम फार धीम्या गतीनं झालं. बातमीवाला पत्रकार मात्र थांबला, त्याचे आभारच.

दुसरा निर्णय: लोकांना हाक कशी मारायची

पहिलं पत्रक "शाहूकालीन अमूल्य ठेवा वाचवा" असं केलं होतं, वर महाराजांचा फोटो. व्हॉट्सॲपवर फिरलं, हात जोडलेले इमोजी आले, जय शाहू आले, पैसे जवळपास आले नाहीत. शाहू महाराजांबद्दल कोल्हापूरकरांच्या मनात खोट नाही, ६ मे २०२२ ला स्मृती शताब्दीला अख्खं शहर १०० सेकंद जाग्यावर थांबलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण ठेवा कुणाचा, तर सगळ्यांचा, म्हणजे द्यायचे कुणी, तर दुसऱ्यानं.

मग आमच्यातल्या एका शिक्षकांनी सुचवलं, गावांची यादी काढूया. मोडीवाल्या पोरांनी स्कॅनवरनं नुसती गावं आणि वर्षं उतरवली आणि आम्ही प्रत्येक गावासाठी वेगळा चार ओळींचा मेसेज केला, की तुमच्या गावातनं अमुक साली इतकी पोरं या बोर्डिंगात शिकायला आली होती, त्यांच्या नोंदीचा कागद आता मोडतोय. नाव नाही, जात नाही, फक्त गाव आणि साल. तो मेसेज त्या गावच्या हायस्कूलच्या मास्तरांना, दूध संस्थेच्या सचिवाला, तालमीच्या ग्रुपवर, शहरात राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाला पाठवला.

इथनं चित्र पालटलं. शंभर, दोनशे, पाचशे असे पैसे यायला लागले, एका गावानं यात्रेच्या वर्गणीतनं शिल्लक पाठवली, दुसऱ्या एका गावच्या माजी सरपंचांनी फोन करून विचारलं, "आमच्या शेजारच्या गावची चार पोरं आणि आमचं एकच कसं ओ, नीट बघा की." पोरांनी परत बघितलं, एकच होतं, पण त्यांनी पैसे पाठवलेच. "एक पान दत्तक" ही योजनाही केली, पानाची दुरुस्ती ज्यानं उचलली त्याला त्या पानाची मोठी प्रिंट, खासगी रकाने झाकून.

भुदरगडकडच्या एक आज्जी नातवाबरोबर आल्या होत्या. त्यांच्या वडलांची नोंद सापडली होती. आम्ही ए-थ्री प्रिंट पुढं ठेवली, नातू वाचून दाखवत होता, नाव, गाव, बापाचा धंदा शेतमजुरी, फी माफ. शेवटच्या रकान्याशी आला तेव्हा आज्जींनी विचारलं, "ह्यो कुणाचा अंगठा?" पालकाचा, म्हणजे तुमच्या आज्जाचा, असं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याचा फोटू न्हाई आमच्याकडं. कसाच न्हाई." मग बराच वेळ त्या त्या काळ्या ठशाच्या रेघा बघत बसल्या. मूळ रजिस्टर त्यांनी मागितलंसुद्धा नाही. प्रिंट चांगली असेल तर माणसाचं समाधान होतं, हे आम्हाला तिथं कळलं.

पैशाच्या बाबतीत बँकेतले काका पहिल्या दिवसापासून कडक होते. आमच्या गटाच्या नावावर एक रुपया घ्यायचा नाही, क्यूआर कोड ट्रस्टच्या वेगळ्या खात्याचा, प्रत्येकाला पावती, दर महिन्याचा हिशेब बोर्डिंगच्या फळ्यावर. ट्रस्ट नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयात चौकशी केल्याशिवाय पुढं जाऊ नये. हे कंटाळवाणं वाटतं, पण पैशावरनं एकदा शंका आली की माणूस परत येत नाही.

तिसरा निर्णय: जातीचा रकाना

हा सगळ्यात अवघड होता. जात पडताळणीला जुने पुरावे लागतात, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे १९१८ च्या रजिस्टरातली एक ओळ कुणाच्यातरी पोराची मेडिकलची सीट ठरवू शकते. लोकांची ही गरज खरी आहे, आणि ती गरज घेऊन येणाऱ्याला "आम्ही वारसा जपतोय, तुम्ही नंतर या" असं सांगणं मला पटत नव्हतं.

एका ट्रस्टींचं मत होतं सगळं रजिस्टर नेटवर टाका म्हणजे कटकट मिटली. दुसऱ्यांचं मत होतं कुणालाच दाखवू नका. दोन्ही नाकारलं. नेटवर टाकलं असतं तर कुणाचा आजा कोणत्या जातीचा, कुणाची फी गरिबीमुळे माफ, कुणाला शिक्षा होऊन काढलं, हे गावभर झालं असतं, आणि शंभर वर्षं झाली तरी गावात ते लागतं. ठरलं असं की नातं दाखवणारा कागद घेऊन अर्ज करणाऱ्याला त्याच्या घरच्या नोंदीची प्रमाणित प्रत ट्रस्ट स्कॅनवरनं देणार, बाकीच्या ओळी झाकून. सरकारी ऑफिसला मूळ बघायचं असेल तर आधी वेळ ठरवून, आणि पान उलटणार फक्त शिकवलेला क्लार्क. फी नाममात्र आणि ती संवर्धनाच्या खात्यात.

चौथा निर्णय: २६ जूनचा कार्यक्रम

तोवर २०२४ ची लोकसभेची आचारसंहिता उठली होती आणि शाहू जयंतीला कार्यक्रम घ्यायचं ठरलं. लगेच निरोप आला, एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते रजिस्टराचं पूजन व्हावं, हार, हळदकुंकू, हातात घेऊन फोटो. हळदकुंकू आणि ओली फुलं त्या कागदावर. अध्यक्षांवर दडपण होतं कारण त्याच पाहुण्यांच्या माणसांनी देणगी कबूल केली होती. आम्ही स्कॅनवरनं, खासगी रकाने झाकून, जाड कागदावर तशीच प्रत छापून घेतली, बाइंडरदादांनी जुन्या पद्धतीची पाठ आणि कोपरे लावून बांधली, आणि अध्यक्षांना सांगितलं पूजन हिचं करा, लोकांना हातात द्या, पानं उलटू द्या. अध्यक्षांनी ते स्वतः निभावून नेलं. कबूल केलेली देणगी आली नाही, पण त्या संध्याकाळी प्रतीभोवती जी गर्दी झाली आणि घरी जाताना लोकांनी क्यूआर स्कॅन करून जे पैसे टाकले त्यानं भर निघाली.

प्रत्यक्ष काम

काम जूनमध्येच सुरू करा असा दबाव होता. ताईंनी नकार दिला, कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतली ओल इतकी की खळ लवकर सुकत नाही आणि बुरशी परत धरते. मूळ रजिस्टर पुण्याला न्यायला ट्रस्टी तयार नव्हते. म्हणून दिवाळीनंतर, इथंच, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत. तोवर रजिस्टर ॲसिड-फ्री पुठ्ठ्याच्या पेटीत घालून वर हलवलं. त्याच जुलैत पंचगंगेनं परत धोका पातळी ओलांडली. रजिस्टर वर होतं, आम्ही निवांत झोपलो.

दिवाळीनंतर आधी प्रत्येक शाईची टेस्ट झाली, कोपऱ्यात थेंब ठेवून टिपकागदानं टिपायचं आणि रंग सुटतो का बघायचं. मोडीची काजळीची शाई काही ठिकाणी सुटत होती, निळी-काळी शाई धरून होती पण तिच्यातल्या लोहानं कागद पोखरलेला, जांभळी पेन्सिल तर नुसत्या दमटपणानंच पसरायची. म्हणून पाण्यात बुडवून आम्ल काढायचा मार्ग बाद, बिनपाण्याची पद्धत वापरली. सेलोटेपचा गोंद द्रावणानं हळूहळू काढला, पट्टे पूर्ण गेले नाहीत. मग गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, मोडलेल्या घड्यांवर बारीक पट्ट्या, आणि जांभळ्या सह्यांच्या जवळ खळ जवळपास कोरडी करून. शेवटी जुन्या भोकांतूनच परत शिवण.

निष्पत्ती

बहुतेक पानं आता न मोडता उलटतात. शेवटच्या काही पानांच्या खालच्या कडा गेल्या त्या गेल्याच, तिथली गावं कळत नाहीत. पसरलेल्या सह्या परत येत नाहीत. मोडी नोंदींची देवनागरी सूची पोरांनी जवळपास पूर्ण केलीय, त्यात काही आडनावं वाचण्यावरनं अजून वाद आहेत. पेटी पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून सुटं कपाट, आत ओलावा दाखवणारं छोटं मीटर, आणि क्लार्क रोज आकडा वहीत लिहितो. खर्च भागून थोडी रक्कम शिल्लक राहिली.

काय वेगळं करता आलं असतं

ट्रस्टबरोबरचा लेखी ठराव कामाच्या सुरुवातीला व्हायला हवा होता, तो मधे झाला. कोण उघडणार, स्कॅन कुणाच्या मालकीचे, शिल्लक पैसा कशावर, हे तोंडी ठरलेलं प्रत्येक बैठकीत बदलत होतं.

गावांची यादी आधी आणि पोस्टर नंतर, असा क्रम असता तर सुरुवातीचे बरेच आठवडे वाचले असते. मोडी वाचणारी माणसं म्हणूनच पहिल्या दिवसापासून लागतात, पैसे उभे करायला सुद्धा तीच लागतात.

स्कॅनच्या प्रती आम्ही दोन हार्डडिस्कवर ठेवल्या आणि दोन्ही बोर्डिंगातच होत्या. पूर येणाऱ्या शहरात याला अर्थ नाही. आता एक संच शहराबाहेर आहे, आणि एक पुराभिलेख कार्यालयाला देऊया असं मी प्रत्येक बैठकीत मांडतोय. मूळ नको असेल तर निदान स्कॅन तरी द्या.

आणि पहिल्या काकांच्या, ज्यांना दाखवताना पान मोडलं, त्यांच्या आजोबांची नोंद शेवटी सापडली पण त्यांना कळवायला फार उशीर झाला, कारण त्यांचा नंबर क्लार्कनं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला होता. येणाऱ्या प्रत्येकाची नोंदवही पहिल्या दिवसापासून पाहिजे.

त्याच कपाटात अजून दोन रजिस्टरं आणि एक ठरावबुक आहे. तीही आता वर आणलीत, स्कॅन सुरू आहे. एकाच्या गावांच्या यादीत यावेळी शिरोळ आणि गडहिंग्लजकडची गावं जास्त निघताहेत, त्या भागातल्या मास्तरांचे नंबर गोळा करायचं काम चालू आहे.